राहिलेलं ऑरगॅनिक

१८ जुलै २०२४, धाराशिव

काल निकाल लागला आणि मी वायडीत गेले. वायडी म्हणजे इयर डाऊन, वर्ष वाया. पहिल्या वर्षाचं ऑरगॅनिक केमिस्ट्री राहिलंय. ते सुटल्याशिवाय बी. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला घेत नाहीत. शिवाय दुसऱ्या वर्षाचेही दोन विषय गेलेत. आता वर्षभर घरी बसायचं आणि फक्त परीक्षेला यायचं.

दीपमाला, माझी रूममेट, सगळ्यात पास झाली. मला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं गच्चीवर जाऊन घरी फोन केला. खाली आली तेव्हा तिचाच चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडलेला होता. शेवटी मीच म्हणलं, "अगं, हस की जरा. पास झालीयस."

अप्पांना फोन केला. माझ्या वडिलांचं कळंबला भांड्यांचं दुकान आहे आणि दुपारी ते गल्ल्यावरच असतात. सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडून नुसता कुणीतरी परात ठेवल्याचा आवाज. मग म्हणाले, "महेश्वरी, जेवलीस का?"

म्हणलं, न्हाय.

"आधी जेव. मग सामान बांध. उद्या येतो न्यायला."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

२३ जुलै, कळंब

घर दुकानाच्या मागंच आहे, त्यामुळं लपायला जागा नाही. भांडी घ्यायला आलेली प्रत्येक बाई आत डोकावते आणि विचारते, "सुट्टी हाय व्हय गं?" आई काहीतरी पुटपुटते. आज अप्पा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "पोरगी फार्मसी करती धाराशिवला." करत होती, असं म्हणायला पाहिजे होतं. त्यांना माझी लाज वाटत असणार, म्हणून असं सांगतात.

माझं चुकलं कुठं, याचा आज विचार केला. बारावीपर्यंत पाठ करून मार्क मिळाले. कॉलेजात सगळं इंग्रजीत. पहिल्याच महिन्यात सरांनी मला उभं करून प्रश्न विचारला. मी मराठीत सुरुवात केली आणि मागं कुणीतरी हसलं. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. कळलं नाही की पाठ करायचं. ऑरगॅनिक मात्र पाठ होत नाही. एक रिअ‍ॅक्शन पाठ करावी तर पुढच्या पानावर तिच्यासारख्याच दहा.

६ ऑगस्ट

अप्पांनी भांड्यांवर नावं टाकायचं मशीन माझ्या हातात दिलं. पेनासारखं धरायचं आणि टोक थरथरत पत्र्यावर ओरखडे काढतं. कर्रर्र आवाजानं डोकं उठतं. पहिल्या तांब्यावर मी 'सौ. कडूबाई' असं लिहिलं आणि 'बाई' एवढं वाकडं गेलं की ती बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, माझी कंबर बी तशीच हाय."

अप्पांनी हे काम दिलं म्हणजे शिक्षणाचा विषय त्यांच्यापुरता मिटला, असंच धरून चालते.

२० ऑगस्ट

आज कुलदीप आला. आमच्याच वर्गातला, आमच्या जिल्ह्यातल्या वाशीचा. तोही वायडी, त्याचंही ऑरगॅनिकच राहिलंय. वडिलांबरोबर मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात आला होता, तिथनं विचारत विचारत दुकानात. गल्ल्यावर अप्पांना बघून गडबडला आणि म्हणाला, "डबा पायजे होता."

"कितीचा?" अप्पांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "ऑरगॅनिकच्या नोट्स आसतील का तुझ्या?"

अप्पांनी दोघांना मागच्या ओट्यावर बसवलं आणि आईला चहा टाकायला सांगितलं. माझ्या नोट्स सुंदर अक्षरात आहेत. कुलदीप पानं उलटत गेला आणि मग एका रिअ‍ॅक्शनवर बोट ठेवून म्हणाला, "ह्यात हायड्रोजन ह्याच कार्बनवर का जातो? शेजारच्यावर का न्हाय?"

म्हणलं, मार्कोव्हनिकॉफचा नियम आहे.

"आगं पण का? नियम म्हंजे काय ग्रामपंचायतीनं केलाय का?"

दोन वर्षं त्या पानाखाली मी लाल शाईनं रेघा मारल्यात, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

जाताना त्यानं खरंच एक डबा विकत घेतला.

१० सप्टेंबर

धाराशिवला जाऊन आले. सकाळच्या एसटीनं, ढोकीमार्गे. आईला सांगितलं पुस्तक आणायचंय. कॉलेजच्या फाटकाशी पोचले आणि तिथंच थांबले. माझ्या वर्गातल्या पोरी पांढरे अ‍ॅप्रन घालून जिन्यावरून उतरत होत्या. एकीनं नजर चुकवली. दीपमाला मात्र धावत आली आणि माझा हात धरून स्टाफरूमपर्यंत घेऊन गेली.

ऑरगॅनिकला यंदा नव्या मॅडम आल्यात, इरा मॅडम. वयानं लहान, आवाज बारीक. त्यांनी विचारलं, "कोणत्या वर्षाला आहेस?"

"कोणत्याच न्हाय, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. समोरची खुर्ची सरकवली. मी कुलदीपचा प्रश्न विचारला. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मराठीत आल्या. "भरलेली घागर एकट्यानं धरली तर जड. दोघं दोन्ही बाजूंनी धरणारे असले तर?"

"हलकी."

"मधल्या कार्बनला दोन्ही बाजूंना शेजारी आहेत. भार त्याच्यावर आला तर ते थोडा थोडा वाटून घेतात. कडेच्या कार्बनला एकच शेजारी. म्हणून भार मधल्यावर राहतो, आणि हायड्रोजन कडेला जातो."

एवढंच होतं ते. एसटी लागेपर्यंत मी स्टँडवर बसून वहीच्या मागच्या पानावर घागरी काढल्या. मग पुढच्या रिअ‍ॅक्शनला तेच लावून बघितलं. लागलं. त्याच्या पुढचीलाही लागलं. कुलदीपला फोन केला आणि भर स्टँडवर शेजारी, घागर, भार असं बोलत सुटले. बाजूच्या आजी विचारायला लागल्या, "पाणी न्हाय का गं तुमच्याकडं?"

३ ऑक्टोबर

आता कुलदीप दर बाजाराच्या दिवशी येतो. त्याच्या घरी इतके डबे कशाला लागतात कोण जाणे. वाशीला मामाच्या मेडिकलवर बसतो, त्याला औषधांची नावं तोंडपाठ आहेत, पण प्रत्येक गोष्टीला का, का करून जीव खातो. त्याला सांगायचं म्हणून मला आदल्या दिवशी नीट वाचून ठेवावं लागतं. माझा स्वतःचा अभ्यास त्यामुळं मागंच पडतोय.

मशीनचंही काहीतरी बिघडलंय. दुपारी कुणी नाव टाकायला आलं की अप्पा सांगतात, "मशीन बंद हाय, उद्या सकाळी न्या." सकाळी बघावं तर सगळी नावं टाकून तयार. अप्पा हल्ली मी उठायच्या आधीच दुकानात गेलेले असतात. म्हणलं, एकदा कारागिराला दाखवा ते मशीन. तर म्हणाले, "दुपारचं गरम होतंय." मला तर हात लावू देत नाहीत. माझं वाकडं अक्षर आवडलं नसणार.

२४ नोव्हेंबर

सिताबाई मावशीनं स्थळ आणलं. लातूरकडचं, मुलाचं स्वतःचं मेडिकल दुकान. मावशीचं म्हणणं, "पोरगी घरीच बसलीय तर वय कशाला घालवता? तिकडं गेल्यावर दुकान सांभाळील." आईचा जीव अर्धा तिकडं आहे. लोकं वारंवार विचारतात, त्याला ती बेजार झालीय. परीक्षा जवळ आलीय, पण हे म्हणायला मला तोंड कुठं आहे.

आज मुलाकडचे बघायला आले होते. माणसं चांगली वाटली. मुलाच्या आईनं विचारलं, "शिकायचं झालं का आता?" मी मान खाली घातली. अप्पा उठून पाणी आणायला गेले. ते कधी स्वतः पाणी आणत नाहीत.

२८ नोव्हेंबर

लातूरकडच्यांचं जमलं नाही. अप्पा परवा दुकानाबाहेर उभं राहून बराच वेळ फोनवर बोलत होते. मला मधलं मधलं ऐकू आलं, "व्हय, तुमचं बरोबर हाय... न्हाय, तसं काय न्हाय... पण आत्ता न्हाय." आत येऊन म्हणाले, "जमना." एवढंच. नापास पोरगी कोण करणार, त्यांचंही बरोबर आहे. थोडं वाईट वाटलं, आणि मग इतकं मोकळं वाटलं की माझीच मला शरम वाटली.

गंमत म्हणजे सिताबाई मावशी त्या लोकांवर न रागावता अप्पांवरच रागावलीय. आईपण दोन दिवस अप्पांशी धड बोलत नाहीये. सकाळी ताट ठेवताना म्हणाली, "घरबसल्या चालून आलं होतं." अप्पा म्हणाले, "भाकर वाढ."

१९ डिसेंबर, धाराशिव

ऑरगॅनिकचा पेपर झाला. दीपमालाच्या रूमवर उतरले होते. पेपर हातात आला आणि घाबरून लगेच लिहायलाच लागले. भरपूर लिहिलं. पुरवणी पण घेतली. कुलदीप बाहेर आला तो म्हणाला, "लई थोडं लिवलं मी. जे कळलं तेवढंच." त्याची काळजी वाटते.

१२ मार्च २०२५, कळंब

निकाल. दुसऱ्या वर्षाचे दोन्ही विषय सुटले. ऑरगॅनिक राहिलं.

कुलदीपचं सुटलं.

१३ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. ज्याला मी शिकवलं तो पास आणि मी नापास. याला काय म्हणायचं?

१७ मार्च

कुलदीप पेढे घेऊन आला होता. मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. तो बराच वेळ दुकानात बसून राहिला. मला सगळं ऐकू येत होतं. अप्पांना म्हणत होता, "काका, तिनं सांगितलं तेवढंच लिवलं म्या. एक अक्षर जास्त न्हाय. तिच्यापेक्षा मला जास्त येतं असं कसं व्हईल?"

अप्पा म्हणाले, "पेढा खा तू आधी."

तो गेल्यावर अप्पा दारात आले. मला वाटलं आता म्हणतील, बास झालं. ते म्हणाले, "तुझ्या त्या मॅडम हायत ना, त्यांना इचार. दुकानातल्या मालात खोट निघाली तर आपण जिथनं घेतला तिथं जाऊन इचारतो. ह्यात काय लाजायचं?"

आईनं पुढं होऊन माझ्या केसांना तेल लावलं. लातूरचं नाव काढलं नाही. म्हणाली, "मी येऊ का संगं?"

२१ मार्च

आई खरंच आली. एसटीत खिडकीशी बसून ढोकीपर्यंत ज्वारीची कापणी बघत होती, मग म्हणाली, "मला सातवीत काढलं शाळेतनं. गणित लई आवडायचं." हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

मी फोन केला तेव्हाच इरा मॅडमनी माझ्या पेपरची झेरॉक्स मागवून घ्यायला लावली होती, ती समोर ठेवली. पानंच्या पानं भरलेली. त्यांनी एका प्रश्नावर बोट ठेवलं. "हे कशाचं उत्तर आहे?"

बघितलं तर विचारलं होतं एक आणि मी गाइडमधलं दुसरंच पाठ केलेलं लिहून आले होते. तीन ठिकाणी तसंच. प्रश्न वाचलाच नव्हता.

"आता मला तोंडी सांग. मराठीत."

सांगितलं. मॅडम मधेमधे 'का?' विचारत राहिल्या, अगदी कुलदीपसारख्या. सगळ्याची उत्तरं दिली. आई दाराशी खुर्चीवर पदर सावरून बसली होती.

"मग हे का नाही लिहिलंस?"

"इंग्रजीत असं येत न्हाय, मॅडम. पाठ केलेलंच इंग्रजी येतं. घाबरलं की तेच बाहेर येतं."

मॅडमनी पेपर मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुला केमिस्ट्री येते. तुझी स्वतःची छोटी छोटी वाक्यं पाहिजेत. चार शब्दांची असली तरी चालतील, पण तुझी. पहिल्या वर्षाच्या वर्गाला हाच विषय सुरू आहे. येऊन बसशील?"

पहिल्या वर्षाच्या. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान पोरांमध्ये. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "बसंल की."

२ एप्रिल

वर्गातला दुसरा आठवडा, रोज एसटीनं ये-जा. पहिले काही दिवस शेवटच्या बाकावर बसले. पोरं ताई म्हणतात, कुणी कुणी मॅडम समजून उभीच राहतात. माझ्या शेजारी निकिता नावाची भूमकडची मुलगी बसते. मराठी शाळेतून आलीय. काही कळलं नाही की पेन दातात धरते. मी तिच्या वहीत हळूच घागर काढून दाखवते.

आज मॅडमनी मला फळ्यापाशी बोलावलं. "सांग यांना." मराठीतच बोलले, मग मॅडम म्हणाल्या, "तेच आता इंग्रजीत, मोडकंतोडकं चालेल." बोलले. कुणी हसलं नाही. दोन मुलं तर लिहून घेत होती. खरं म्हणजे मॅडमना आज घसा दुखत असावा, म्हणून मला उभं केलं.

१९ एप्रिल

कुलदीपवरचा राग कधी गेला कळलंच नाही. परत येतो. त्याचं सगळं सुटलंय, येण्याचं काही कारण नाही, तरी येतो. म्हणतो, "तू लिव, मी तपासतो." माझी इंग्रजी वाक्यं मोठ्यानं वाचतो, आणि जिथं त्याला कळत नाही तिथं गोल करतो. "हे तुझं न्हाय, हे गाइडचं हाय," असं म्हणतो, आणि दर वेळी बरोबर पकडतो. त्या दिवशी विचारलं, तुला कसं कळतं? म्हणाला, "तुझं वाक्य ऐकल्यावर तुझा आवाज येतो."

अप्पा आज त्याला म्हणाले, "तुमच्याकडं कार्य हाय का काय? डबे लई नेतो तू." तो लाल झाला. त्याच्या मामानं पाठवलं असेल तर अप्पांनी असं बोलायला नको होतं.

२ जून, धाराशिव

पेपर झाला. यावेळी पहिली काही मिनिटं पेन खाली ठेवून नुसते प्रश्न वाचले. शेजारच्या बाकावरचा मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मग लिहिलं. पुरवणी लागली नाही. एका प्रश्नाला तर एवढंच लिहिलं की पान अर्धं रिकामं राहिलं, आणि ते रिकामं पान बघून काहीतरी भरावंसं वाटलं. पण दुसरं काही सांगायचं नव्हतं.

निकिता बाहेर भेटली. म्हणाली, "ताई, तुमच्या घागरीचाच प्रश्न आला होता."

९ जून, कळंब

पेपर संपल्यापासून मशीन दुपारीपण चालतंय. अप्पांनी मला परत नावं टाकायला बसवलं. लग्नाची भांडी आलीत, हंड्यापासून वाटीपर्यंत सगळ्यावर 'बलभीम' लिहायचंय. मशीन गरम होत नाही आता. एकदाचं दुरुस्त झालं म्हणायचं.

निकालाचा विचार मनात येतो तेव्हा नावं टाकत बसते. यंदा राहिलं तर? खरं सांगायचं तर यावेळी मला त्याचं उत्तर माहीत आहे. परत बसेन. मागच्या वर्षी हे उत्तर नव्हतं.

१४ जुलै

सुटलं.

बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. मोबाइलवर निकाल उघडेना. कुलदीपनं वाशीहून माझा नंबर टाकून बघितला आणि फोन केला. तो नुसता म्हणत राहिला, "बघ, बघ." मी म्हणलं काय बघू, सांग की. मग सांगितलं.

अप्पा एका बाईला कळशी दाखवत होते. मी जवळ जाऊन म्हणलं, "अप्पा, ऑरगॅनिक सुटलं." त्यांनी कळशी खाली ठेवली. त्या बाईला म्हणाले, "बसा जरा." आणि आत गेले. देवघरात जाऊन बराच वेळ बसले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि कपाळाला ताजं भस्म. त्या बाईनं कळशीची किंमत विचारल्यावर ते किंमतच विसरले. आईनं आतून सांगितली.

आई सिताबाई मावशीला फोन लावून बसली होती. "आगं, पास झाली. व्हय, तिसऱ्या वर्षाला. त्यांचं बरोबर होतं म्हण की." कुणाचं बरोबर होतं, ते काही मला कळलं नाही. विचारायला गेले तर आई म्हणाली, "तू शिरा ढवळ."

८ ऑगस्ट, धाराशिव

तिसऱ्या वर्षाचा पहिला दिवस. दीपमाला आता शेवटच्या वर्षाला, तिनं आपल्या रूममध्ये माझा पलंग खिडकीशी लावून ठेवला होता. माझ्या वर्गातली सगळी पोरं माझ्यामागची बॅच. ओळखीचा फक्त कुलदीप, तो दोन बाकं मागं.

सर नवीन, फार भरभर शिकवत होते. फळा भरला, पुसला, परत भरला. मी माझ्या बाजूला बघितलं. इकडची मुलगी नुसती उतरवून घेत होती. तिकडची पेन धरून थांबली होती. कुणाचं तोंड समजल्यासारखं दिसत नव्हतं. अगदी पहिल्या वर्षासारखं झालं. पण हात वर गेला.

"सर, दुसऱ्या ओळीतून तिसरी कशी आली?"

मराठीतच विचारलं. सर थांबले. फळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग डस्टर उचललं, सगळं पुसलं आणि म्हणाले, "बरं. पहिल्यापासून घेऊ."

वर्गभर वह्यांची पानं उलटल्याचा आवाज झाला.